ओवाळणीवरचा बट्टा

आश्विन वद्य द्वादशीच्या, म्हणजे वसुबारसेच्या पहाटे, पूर्वेस अद्याप तांबडे फुटलेले नसताना आणि रस्त्याच्या दुतर्फा पसरलेल्या कपाशीच्या व हळदीच्या पानांवर दव उतरत असताना, पुण्याहून रात्रभर धावत आलेली पहिली खासगी बस वारंगा फाट्यावर येऊन थांबते आणि झोपेने डोळे जड झालेली, पाठीवर पिशवी व हातात मिठाईचा खोका सांभाळणारी दहा-बारा तरुण मुले एकामागून एक खाली उतरतात. कोणाला न्यायला धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन आलेला असतो. कोणाचे वडील कानांवर मफलर गुंडाळून हॉटेलच्या बाकावर तासभर आधीच येऊन बसलेले असतात. पलीकडे ज्या खिचडीसाठी हा फाटा साऱ्या मुलखात ओळखला जातो, तिच्या पातेल्याखाली जाळ लागलेला असतो. बाप एवढेच विचारतो, "रातच्याला जेवलास का रे?" मुलगा "हो" म्हणतो, बापाला ते खरे वाटत नाही, आणि पिवळ्याधमक वाफाळत्या खिचडीच्या दोन प्लेटा, वर तळलेली मिरची, अशा समोर येतात. घरी अभ्यंगस्नानाला आणि लक्ष्मीपूजनाला अजून अवकाश असतो. तथापि सत्तर वर्षांच्या अवलोकनानंतर माझे मत असे झाले आहे की आमच्या मुलखातली दिवाळी याच घटकेला आणि याच ठिकाणी सुरू होते.

वारंगा हे गाव निराळे आणि फाटा निराळा. फाटा वसविला तो रस्त्यांनी. एक रस्ता अर्धापुरावरून नांदेडला जातो, दुसरा आखाडा बाळापूर व कळमनुरी करीत हिंगोलीला आणि तेथून वाशीम-अकोल्याकडे, तिसरा हदगाव-उमरखेडवरून पैनगंगा ओलांडून यवतमाळ-नागपूरच्या वाटेला लागतो. कळमनुरी तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आमचे दस्तऐवज परभणीहून हिंगोलीला आले. परंतु दप्तर कोठेही असो, बहिणी, लेकी, शिकायला गेलेली मुले, कामाला गेलेली माणसे ही सर्व या तीन वाटांनी जातात आणि परत येताना याच फाट्यावर उतरतात. फाट्यापासून दोन कोसांवर आमचे घर आहे. आमच्या घरच्या दिवाळीच्या जेवढ्या आठवणी मला सांगता येतील, त्यांतील बहुतेकींचा आरंभ फाट्यावर कोणाची तरी वाट पाहण्यापासून होतो.

या आठवणींतली सर्वांत जुनी माझी स्वतःची नव्हे, ती आईच्या तोंडून ऐकलेली आहे. माझी आत्या पैनगंगेपलीकडे, उमरखेड तालुक्यात दिली होती. आज ज्यांनी ती नदी केवळ पुलावरून ओलांडली आहे त्यांना सांगून कदाचित खरे वाटणार नाही. परंतु तेव्हा तिचा अलीकडचा काठ निजामाच्या राज्यात आणि पलीकडचा काठ वऱ्हाडात, इंग्रजी अमलाखाली होता. माहेर आणि सासर यांच्यामध्ये करोडगिरीचा नाका होता, तेथे गाडीतल्या कापडाची, गुळाची, तेलाच्या डब्याची झडती होई. नाणेसुद्धा निरनिराळे. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. आणि सात हाली रुपये दिले तेव्हा सहा कलदार पदरात पडत. आत्या भाऊबिजेला माहेरी आली की वडील तिच्या तबकात ओवाळणी घालीत, ती परत सासरी जाई, आणि नदी ओलांडताच त्या ओवाळणीतला सातवा हिस्सा बट्ट्यात जाई. वडिलांच्या हे मनाला लागले असावे. कारण आई सांगे की पुढे पुढे ते नवरात्र संपताच फेरी मारून, ओळखीच्या व्यापाऱ्याकडे आपल्या पदरचा बट्टा भरून, ओवाळणीपुरते कलदार रुपये आधीच आणून ठेवू लागले. बहिणीला दिलेला रुपया तिच्या हातात रुपयाच राहिला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. आमचे कुटुंब काही श्रीमंत नव्हते, वीस एकरांची कोरडवाहू कास्त होती. तरीही तो बट्टा त्यांनी कधी चुकविला नाही.

१९४७ च्या दिवाळीला आत्या आली नाही. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचा मुलूख झाला नव्हता. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरची वहिवाट धोक्याची झाली होती, आणि अलीकडची कितीतरी कुटुंबे नदी ओलांडून उमरखेडच्या बाजूला आश्रयाला गेली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी जी दिवाळी आली तिला आत्या बैलगाडीने आली. यमद्वितीयेला पाट मांडला, वडील बसले, आणि तिने निरांजन ओवाळून तबक खाली ठेवले नाही. कुंकू पुन्हा लावले, अक्षता पुन्हा टाकल्या आणि दुसऱ्यांदा ओवाळले. आईने विचारले, हे काय? आत्या म्हणाली, "पहिलं गुदस्ताचं राहिल्यालं, वैनी. हे यंदाचं." वडिलांनी दोन्ही ओवाळण्या घातल्या. त्या तबकात किती रुपये पडले हे आईला आठवत नव्हते. पण त्या दुपारी घरात पुरणाला डाळ पुरली नाही आणि शेजारच्या मुसलमान घरातून चुलीवर शिजत असलेली हरभऱ्याची डाळ भांड्यासकट आली, हे ती दर दिवाळीला सांगत असे. त्या वर्षांतील भय आणि दुःख दोन्ही बाजूंच्या घरांनी पाहिले होते. म्हणून त्या भांड्याचा उल्लेख करताना तिचा स्वर नेहमी हळुवार होई.

दुसरी आठवण माझी स्वतःची आहे, आणि ती अशी आहे की तिच्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकारच पोचला नसता. साल १९७२. ज्येष्ठ-आषाढ कोरडा गेला, खरीप करपले, आणि भाद्रपदाच्या आत वडिलांनी बैलजोडी विकली. त्या वर्षीचा पोळा आमच्या गोठ्यात झाला नाही. गावाजवळ दुष्काळी काम निघाले आणि ज्या हातांनी आजवर तिफण धरली होती त्या हातांनी वडील खडी फोडू लागले, आईही जाई. मी नांदेडला शिकत होतो, सुटीत घरी आलो, आणि दोघांना एका रांगेत, डोक्यावर फडके घेऊन, हातोडी मारताना पाहिले. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना काठावर फाटे आणि निवली की घास घशाखाली उतरायला पाणी लागे. ज्यांनी ती खाल्ली आहे त्यांना तिचा रंग सांगावा लागत नाही.

त्या दिवाळीला घरात रवा नव्हता, मैद्याचे नाव नव्हते, तेल होते ते पावशेर. अक्का, माझी थोरली बहीण, आत्याच्याच घरी दिलेली, म्हणजे पैनगंगेच्या त्याच वाटेची माहेरवाशीण, येणार की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती आली. फाट्यावर उतरली आणि गाडी पाठवायला आमच्याकडे बैल नाहीत हे तिला माहीत असल्यामुळे, वाट न पाहता, कडेवर मूल घेऊन दोन कोस चालत आली. पदराच्या गाठीत तिने सासरचे मूठ-दीड मूठ तीळ आणले होते. आईने त्या रात्री मिलोच्या पिठाची उकड काढली, कारण नुसत्या पाण्यात ते पीठ जुळून येईना; तळहातावर पारी थापली, आत गूळ आणि भाजून कुटलेले तीळ भरले, दुमडून अर्धचंद्र केला. कातण्याने कडा कापू गेली तर पारी तुटे, म्हणून अंगठ्याने दाबून दाबून ती कडा मिटवीत राहिली. तळण्याइतके तेल नव्हते. चाळणीवर वाफवून त्या करंज्या तिने देवापुढे ठेवल्या. तांबूस काळ्या, कडेला आईच्या अंगठ्याचे ठसे असलेल्या त्या बारा करंज्या मी आजही मोजून सांगू शकतो. त्यांतील एक अक्काने तोडून सर्वांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सांगितले ती. कामावरच्या मजुरीचे वाटप भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात व्हायचे होते. घरात ओवाळणीला घालायला काही नव्हते आणि वडील त्या दिवसांत बोलेनासे झाले होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी उन्हे कलताना कामावरचा हजेरी कारकून सायकलवरून आला, लिंबाखाली बसला, आणि त्याने मस्टर उघडून नावे पुकारायला सुरुवात केली. साहेबांना भेटून, तारखेच्या आधी वाटपाची मंजुरी घेऊन तो आला होता. "परवा भाऊबीज हाय, बाप्या माणसाच्या हातात पैसा नसला तर कसं व्हावं," एवढेच तो म्हणाल्याचे वडील सांगत. अंगठे उठले, पैसे मोजले गेले, आणि अक्काच्या तबकात वडिलांनी आपल्या त्या आठवड्याच्या मजुरीतला पैसा घातला. त्या कारकुनाचे नाव मला कधीच कळले नाही. तो कोणत्या गावचा, त्याला बहीण होती की नाही, काही ठाऊक नाही. परंतु शासन नावाची वस्तू रयतेच्या दिवाळीत कोठे असावी असे जर मला कोणी विचारले, तर मी त्याला त्या लिंबाखाली उघडलेले मस्टर दाखवीन.

या दोन गोष्टी मी स्मरणरंजनासाठी लिहिलेल्या नाहीत. कुटुंबाचा उत्सव ही घरातल्या घरात मिटणारी खासगी बाब आहे, सरकारदरबाराचा तिच्याशी संबंध सुट्टीच्या परिपत्रकापुरताच, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे, आणि तो मला सर्वथा चुकीचा वाटतो. बहीण माहेरी पोचणे, मुलगा घरी पोचणे आणि त्या दिवशी भावाच्या हातात चार पैसे असणे, या तिन्ही गोष्टी बाजारभावावर, खरेदीच्या तारखेवर, एस.टी.च्या वेळापत्रकावर आणि भाड्याच्या दरावर अवलंबून आहेत; आणि त्या तारखा, ते दर ठरविणारी माणसे कचेऱ्यांत बसलेली आहेत.

माझ्या लहानपणी दिवाळीचा पैसा कपाशीतून येई. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात सीतादही होई, बायका दहीभात वाहून मगच बोंडाला हात लावीत, आणि पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात गेला की मुलांच्या सदऱ्यांचे कापड घरात येई. पुढे सोयाबीन आले, आणि त्याचे वेळापत्रक तर दिवाळीशी जणू मोजून जुळविलेले आहे: मृगाला पेरा, दसऱ्याच्या मागेपुढे काढणी, दिवाळीला मळणी होऊन पोती घरात. हळदीचा, ज्या हळदीला वसमतच्या नावाने २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्या पिकाचा, पैसा माघ-फाल्गुनात. तेव्हा दिवाळीला कास्तकाराच्या आशेचे ठिकाण एकच, ते म्हणजे सोयाबीन.

२०२४ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. परतीच्या पावसाने माल ओला, शासकीय खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. केंद्रावर न्यावा तर परत पाठवतील ही धास्ती. माझ्या पुतण्याने वीस क्विंटल सोयाबीन व्यापाऱ्याला ४,१०० रुपयांनी घातले. दोन बहिणी यायच्या होत्या, खत-बियाण्याच्या दुकानदाराचा तगादा होता, वाट पाहण्याची ऐपत नव्हती. ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्याचा निर्णय झाला तो १५ नोव्हेंबरला, म्हणजे भाऊबीज होऊन बारा दिवस लोटल्यावर. मी कागदावर हिशेब मांडला: वीस क्विंटलमागे १५,८४० रुपये. निजामाच्या राज्यात हालीचा बट्टा सातात एक पडत असे. आमच्या पुतण्याच्या ओवाळणीवरचा हा बट्टा जवळजवळ सहात एक पडला. करोडगिरीचा नाका केव्हाच उठला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आता एकच राज्य आणि एकच रुपया आहे. आणि तरीही भावाच्या हातातला रुपया बहिणीच्या तबकात पडेपर्यंत पूर्वीपेक्षा अधिक झिजतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पुढच्या वर्षी, २०२५ साली, हमीभाव ५,३२८ रुपये झाला. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टीचा असा घाला पडला की शेतेच्या शेते खरवडून निघाली. ७ ऑक्टोबरला राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली आणि दिवाळीपूर्वी मदत पोचविण्याचे आश्वासन दिले. ते आश्वासन देणाऱ्यांच्या मनात दिवाळीची तारीख होती, याचे मोल मी कमी लेखीत नाही. कित्येकांच्या खात्यात पैसे वेळेत आलेही. परंतु सोयाबीनची शासकीय खरेदी १५ नोव्हेंबरपासून सुरू व्हायची होती आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला होऊन गेली. ज्यांचे थोडेफार पीक पाण्यातून वाचले होते त्यांनी ते पुन्हा बट्ट्यानेच विकले.

माझी मागणी सरळ आहे. पंचांग वर्षभर आधी छापले जाते. दिवाळी कोणत्या तारखेला आहे हे कोणत्याही खात्यापासून गुप्त नाही. खरेदीच्या नोंदणीचा आरंभ घटस्थापनेला आणि प्रत्यक्ष मोजमाप दसऱ्यानंतर लगेच, असा दंडक शासनाने घालून घ्यावा; ओलाव्याची सवलत द्यायचीच असेल तर ती माल ओला असताना द्यावी, वाळल्यावर नव्हे. आणि ज्यांना भाव वाढेपर्यंत थांबायचे आहे त्यांच्यासाठी शेतमाल तारण योजना आहेच. पणन मंडळाची ही योजना १९९० पासून चालू आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते. आमच्या भागातले किती कास्तकार तिचे नाव जाणतात? गोदामाची पावती आणि कर्जाची रक्कम धनत्रयोदशीच्या आत हातात पडेल असा बंदोबस्त तालुक्यातालुक्याने झाला, तर निम्म्याहून अधिक माल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मातीमोल जाणार नाही, अशी माझी खात्री आहे.

वाहतुकीच्या बाबतीत मात्र कृतज्ञता आधी नोंदविली पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले, त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला. या दोन हुकमांनी भाऊबिजेला जे दिले ते मी फाट्यावर उभा राहून डोळ्यांनी पाहतो. पूर्वी बहीण एकटी, फार तर तान्हे मूल घेऊन येई, आता तिच्याबरोबर तिची सासू येते, जाऊ येते, शाळकरी मुली येतात. आणि ऐंशीच्या घरातली म्हातारी, जी दहा वर्षांत भावाच्या दारात आली नव्हती, ती काठी टेकीत पायरी उतरताना मी पाहिली आहे. २०२५ च्या दिवाळीसाठी जाहीर झालेली दहा टक्के हंगामी भाडेवाढही पूरस्थिती ध्यानी घेऊन मागे घेतली गेली, हेही योग्यच झाले. प्रश्न उरतो तो गाड्यांच्या संख्येचा. पाडव्याच्या दुपारी फाट्यावर हदगाव-उमरखेडची गाडी येते तेव्हा तिच्या दाराला माणसे लोंबकळत असतात, वाहक आतूनच हात हलवतो आणि गाडी न थांबता पुढे जाते. त्या वाहकाला मी दोष देत नाही. तोही कोणाचा तरी भाऊ आहे आणि त्या दिवशी घरी नाही. आगारांनी पाडवा-भाऊबिजेच्या दिवसांत पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या जादा फेऱ्या सोडाव्यात, त्या फाट्यावरून सुटाव्यात, आणि त्यांच्या वेळा आठ दिवस आधी फाट्यावर फलकावर लागाव्यात.

पुण्याहून येणाऱ्या मुलांची कथा निराळी. एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे खासगी बसने घेऊ नये असा शासनाचा निर्णय २७ एप्रिल २०१८ चा आहे. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असलेल्या शेजारच्या मुलाला मी वसुबारसेच्या पहाटे तिकिटाचे विचारले, तेव्हा त्याने सांगितलेला आकडा मी येथे देत नाही, कारण ती एका मुलाची गोष्ट आहे आणि गाडीचा मालक येथे उत्तर द्यायला नाही. पण परतीचे तिकीट धरून त्याची आठ दिवसांची कमाई रस्त्यात गेली होती. आईसाठी घ्यायची साडी त्याने घेतली नव्हती. हाही बट्टाच. निर्णय कागदावर आहे. त्याची अंमलबजावणी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रस्त्यावर दिसली पाहिजे.

आणि फाट्यावर नुसतेच येणारे नसतात. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना ऊसतोडीच्या बोलीत नवराबायको मिळून एक 'कोयता' म्हणतात, भांडी-गोधड्या-कोंबड्यांसह ट्रकमध्ये चढतात. काही वर्षी गाळपाची घाई अशी असते की बंजारा तांड्यावरच्या पोरी काळी मासेच्या, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येच्या, रात्री हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागत फिरतात, आणि अर्ध्या घरांची दारे तोवर बंद झालेली असतात. आशीर्वाद मागायचा कोणाकडे? म्हातारी आजी दारात असते, ती डोक्यावर हात ठेवते. मेरा मागणाऱ्या त्या मुलींना भावाची आणि बापाची दिवाळी एक दिवसही नाकारू नये. गाळपाचा मुहूर्त ठरविणाऱ्यांनी भाऊबीज उलटल्याखेरीज एकाही टोळीस हलवू नये, असा नियम करण्यात साखरेचे कोणते नुकसान होणार आहे, ते मला समजत नाही.

माझ्या वयाची माणसे भेटली की एक तक्रार हटकून करतात: आता फराळ विकत आणतात, मुली चकल्या घरी करीत नाहीत, दिवाळी राहिली नाही. हे मत मला मान्य नाही. चाळीस वर्षे माझ्या पत्नीने दिवाळीआधीचे आठ दिवस चुलीपुढे आणि कढईपुढे काढले, आणि भाऊबिजेला ती इतकी थकलेली असे की स्वतःच्या भावाला ओवाळताना तिचे हात थरथरत. चकली कोठून आली याने सणाचे काही जात नाही. पाडव्याच्या सकाळी अंगणात शेणाचे पांडव घातले जातात, त्यांच्याभोवती ताक घुसळणाऱ्या गवळणी, गोठा, उखळ असे सारे घर शेणाचे मांडले जाते, ज्वारीचे ताट खोवले जाते. ते मांडताना नातवंडे आजीच्या शेजारी बसलेली असली म्हणजे पुष्कळ झाले. मोबाइलच्या पडद्यावर ओवाळण्याचा प्रकार मात्र मला पटत नाही. परदेशी गेलेल्या मुलांचा नाइलाज मी समजतो. परंतु पुणे-मुंबईत असलेल्या मुलाने पडद्यासमोर कपाळ पुढे करावे आणि बहिणीने काचेला कुंकू लावावे, हे दृश्य मी एकदा आमच्याच घरी पाहिले. पोरीने नंतर ती काच पदराने पुसली, आणि बराच वेळ ती कोणाशी बोलली नाही. सुटी नाही, असे तो म्हणाला होता. सुटी नाकारणाऱ्या साहेबाचे नाव-गाव मला माहीत नाही; त्याला एवढीच विनंती की मुलुखाबाहेरून आलेल्या मुलांच्या रजेचा अर्ज आश्विनात समोर आला तर अंतर पाहून मंजूर करावा. पुण्यातल्या पुण्यात राहणाऱ्याला एक दिवस पुरतो, कळमनुरी तालुक्यातल्या मुलाचे दोन दिवस रस्त्यातच जातात.

अक्का आता ऐंशी ओलांडून पुढे गेली आहे. आत्या गेली, आई गेली, वडील गेले, ती बारा करंज्यांची चाळणी मात्र अद्याप माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात आहे. गुदस्ता भाऊबिजेला अक्काला विनामूल्य तिकीट मिळाले, पण उमरखेडहून आलेल्या दोन गाड्या भरून गेल्यामुळे ती स्थानकावर चार तास बसली आणि दिवेलागणीला फाट्यावर उतरली. "चालत आले असते तर बाबू, आधी पोचले असते," ती म्हणाली. तिला चालत आलेली मी पाहिलेली आहे. यंदाही पाडव्याच्या दुपारपासून मी फाट्यावर, खिचडीच्या हॉटेलसमोरच्या बाकावर बसलेला असेन. आगारप्रमुखांनी एक गाडी जास्त सोडावी.